गादीतला चुंबक आणि परळचा करंट



गुडघेदुखीवरचा भाग ऐकून एका गटातल्या ताईंनी दोन प्रश्न एकदम विचारले. पहिला असा : "गावात एक माणूस चुंबकाची गादी विकायला येतो. म्हणतो, हिच्यावर झोपलं की गुडघे, कंबर, साखर, बीपी सगळं जातं. आणखी चार जणी जोडल्या तर कमिशनही मिळतं. गटातून कर्ज काढून घ्यावी का?" दुसरा असा : "माझी नणंद परळला असते. खोकली, हसली की तिला लघवी सुटते. तिला फिजिओथेरपीवालीने चुंबकाच्या खुर्चीवर बसायला सांगितलंय. मग एक चुंबक खोटा आणि दुसरा खरा, असं कसं?"

प्रश्न फार नेमका आहे. 'सगळे चुंबक थोतांड' म्हणून तो झटकता येत नाही, आणि 'चुंबकात शक्ती असते' म्हणून मान डोलवूनही भागत नाही. त्याचं उत्तर सापडतं मुंबईच्या जुन्या गोष्टींत. म्हणून आज आपण कुलाब्यापासून परळपर्यंत जाऊ या, थोडं ट्रामच्या रस्त्यानं.

आधी एक साधी गोष्ट. १८३१ साली लंडनमध्ये मायकेल फॅरडे नावाच्या माणसानं तांब्याच्या तारेचं वेटोळं घेतलं आणि त्यात चुंबक ठेवला. काहीच झालं नाही. पण चुंबक आत-बाहेर करायला लागला, तेव्हा तारेतून वीज वाहिली. चुंबक थांबला की वीजही थांबली. हा फॅरडे लोहाराचा मुलगा, शाळा जेमतेम, पुस्तकं बांधायचं काम करता करता शिकलेला. त्याला जे दिसलं त्यावर आज आपलं अर्धं घर चालतं. सायकलचा डायनामो असाच, चाक फिरलं तरच दिवा लागतो. इंडक्शनची शेगडी तुमच्यातल्या काही जणींकडे असेल. तिच्या काचेखाली तारेचं वेटोळं असतं, त्यातला चुंबकपणा सेकंदाला हजारो वेळा बदलतो, म्हणून वर ठेवलेल्या पातेल्याच्या बुडात वीज फिरते आणि पातेलं तापतं. त्या काचेवर तुम्ही नुसता लोहचुंबकाचा तुकडा ठेवलात, तर वर्षभरातही चहा होणार नाही.

हे एवढं लक्षात ठेवा : स्थिर चुंबक आणि बदलता चुंबक.

आता कुलाबा. मुंबईच्या दक्षिण टोकाला इंग्रजांच्या काळी वेधशाळा होती. तिथं १८४१ पासून पृथ्वीचा चुंबकपणा मोजायला सुरुवात झाली. आपली पृथ्वी हाही एक मोठा पण फार दुबळा चुंबक आहे, म्हणून तर होकायंत्राची सुई उत्तरेकडे वळते. कुलाब्याला अशा नाजूक सुया टांगलेल्या असत आणि माणसं दिवसरात्र त्यांच्या जागा वहीत टिपत. कुणाला वाटलं असेल, काय हा रिकामा उद्योग! पण २ सप्टेंबर १८५९ ला त्या सुया एकदम पार जागा सोडून गेल्या. सूर्यावर मोठा स्फोट झाला होता आणि त्याच्या धक्क्यानं पृथ्वीचा चुंबकपणा हेलकावत होता. त्याच वेळी युरोप-अमेरिकेत तारायंत्राच्या लांबलचक तारांमध्ये आपोआप वीज येत होती. काही ठिकाणी बॅटरी काढून टाकली तरी तारा जात होत्या. फॅरडेनं वेटोळ्यात पाहिलं, तेच इथं सगळ्या पृथ्वीभर झालं. चुंबकपणा बदलला आणि तारेत वीज आली. कुलाब्याच्या त्या नोंदी आजही शास्त्रज्ञ उघडून बघतात, कारण त्या वादळाची अशी नोंद फार थोड्या ठिकाणी राहिली.

मग मुंबईत विजेची ट्राम आली. आधी १८७४ पासून घोड्यांची ट्राम होती. घोड्याचा सुयांना काही त्रास नव्हता! विजेच्या ट्रामचं ठरलं तेव्हा मात्र वेधशाळेवर संकट आलं. तारेतून वीज गेली की तिच्याभोवती चुंबकपणा तयार होतो, आणि ट्राम सुटते, थांबते, तसा तो कमी-जास्त होतो. म्हणजे गाडी रस्त्यानं जाणार आणि कुलाब्याची सुई उगाच हलणार. त्या वेळी वेधशाळेचे प्रमुख होते नानाभाई मूस, त्या जागेवर बसलेले पहिले भारतीय. त्यांनी समुद्रापलीकडे अलिबागला नवी जागा घेतली आणि लोखंड टाळून इमारत उभी केली. १९०४ पासून तिथं मोजणी सुरू झाली. मूस मोठे व्यवस्थित गृहस्थ. नवं सुरू झालं म्हणून जुनं लगेच बंद केलं नाही, दोन वर्षं कुलाबा आणि अलिबाग दोन्हीकडे मोजत राहिले, दोन वह्यांचा मेळ बसेपर्यंत. नवीन खातं उघडताना जुनी पासबुकं जपून ठेवणाऱ्या आपल्या सचिव ताईंना ते आवडले असते. ७ मे १९०७ ला विजेची ट्राम धावली, आणि अलिबागची वेधशाळा आजही चालू आहे. रायगडकडच्या मैत्रिणींनी ती बाहेरून पाहिलीही असेल.

हे सगळं आपल्या कंबरेशी कसं जोडायचं? तर आपल्या अंगातही तारा आहेत.

नस म्हटलं की आपण कधी रक्ताची शीर समजतो, कधी दुसरंच काही. आज मी नस म्हणते ती मेंदूचे निरोप नेणारी, पुस्तकात जिला मज्जातंतू म्हणतात ती. इटलीत गॅल्वानी नावाच्या डॉक्टरानं मेलेल्या बेडकाच्या पायाला विजेचा झटका दिला तर पाय उडाला, हे त्यानं १७९१ साली छापलं. पुढं कळत गेलं की नसेतून जाणारा निरोप हा विजेचाच एक प्रकार आहे. तुम्ही पाट्यावर वरवंटा ढकलता तेव्हा मेंदूकडून निघालेला तो बारीकसा झटका मानेतून, दंडातून हाताच्या स्नायूपर्यंत येतो आणि स्नायू आखडतो. मग बाहेरून वीज दिली तरी स्नायू आखडेल की! पॅरिसच्या ड्यूशेन नावाच्या डॉक्टरानं एकोणिसाव्या शतकात हेच करून अर्धांगाच्या रोग्यांचा अभ्यास केला. ओल्या गाद्या चामडीवर ठेवायच्या आणि हलका करंट सोडायचा. त्या करंटला आजही फॅरडेच्या नावानं 'फॅरॅडिक' म्हणतात. फिजिओथेरपीच्या खोलीत बायका म्हणतात ना, "आज करंट लावला", त्याचं मूळ हे.

ही खोली मुंबईत आली ती पोलिओच्या दुःखातून, आणि सुरुवातीला एक आई होती. फातिमा इस्माईल त्यांचं नाव. स्वातंत्र्यलढ्यातल्या. त्यांच्या लहानग्या मुलीला पोलिओ झाला. त्या काळी पोलिओ झाला की पाय गेला, नशीब म्हणा, असं धरून चालत. बाई तसं धरून बसल्या नाहीत. मुलीला घेऊन मद्रासला डॉ. किणींकडे गेल्या, व्यायाम आणि मालिशीनं पाय कसा सांभाळतात ते स्वतः शिकल्या, आणि मुंबईला परतल्यावर त्यांना दुसऱ्या आयांची मुलं दिसायला लागली. १९४७ साली गिरगाव चौपाटीला डॉ. बाळिगांनी दिलेल्या जागेत त्यांनी पोलिओ झालेल्या मुलांसाठी दवाखाना सुरू केला. पुढं त्यातूनच हाजी अलीजवळचं मुलांचं हाडांचं रुग्णालय उभं राहिलं. १९५८ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

१९५२ च्या सुमाराला मुंबईत पोलिओची मोठी साथ आली. मुलं वाचत होती, पण हातपाय लुळे घेऊन. त्यांच्याकडून रोज व्यायाम करून घेणारी शिकलेली माणसं देशात जवळजवळ नव्हतीच. तेव्हा सरकार, मुंबई महापालिका आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून परळच्या के.ई.एम. रुग्णालयात फिजिओथेरपी शिकवणारी शाळा काढली, देशातली पहिली. के.ई.एम.ची गोष्टही सांगण्यासारखी आहे. ते १९२६ साली उघडलं. शेजारच्या वैद्यकीय कॉलेजला ज्यांच्या नावानं देणगी मिळाली त्या गोवर्धनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांची अट होती की शिकवणारे सगळे भारतीय असले पाहिजेत. इंग्रजांच्या राज्यात, बरं का. आणि रुग्णालयाच्या भोवती लालबाग-परळच्या गिरण्या. भोंग्यावर उठणारी माणसं, साच्यात बोटं सापडलेली माणसं, वाइंडिंग खात्यात दिवसभर उभ्या राहणाऱ्या बायका. आपल्या सातारा, कोकण, घाटावरच्या गावांतून गेलेलीच ती माणसं.

पण पोलिओच्या मुलांना करंटचा किती उपयोग झाला? फार नाही, हे सांगायला हवं. पोलिओत पाठीच्या कण्यातल्या, नसा जिथून निघतात त्या पेशीच मरतात. तारच तुटली तर बटण दाबून काय होणार? करंटनं स्नायू तेवढ्यापुरता हलला तरी मेलेली नस उगवत नाही. मुलांना उभं केलं ते वाचलेल्या स्नायूंच्या व्यायामानं, कॅलिपरनं, शस्त्रक्रियेनं आणि रोज पाय हलवणाऱ्या हातांनी. यंत्र तेव्हाही मदतनीस होतं, आजही आहे. माझ्या मते फिजिओथेरपीचा सगळा इतिहास या एका गोष्टीत आहे, पण यंत्र विकणाऱ्याला ती सांगणं परवडत नाही.

करंटची आणखी एक अडचण होती. तो चामडीतून जातो, आणि चामडीला सगळ्यात जास्त कळतं. आतल्या स्नायूपर्यंत पोचायला जोर वाढवावा, तर वरची कातडी चुरचुरते, भाजल्यासारखी होते. कवटीचं तर विचारूच नका, हाडातून वीज सहज जात नाही. १९८० साली लंडनच्या मर्टन आणि मॉर्टन यांनी डोक्यावरून झटका देऊन हाताचा स्नायू हलवून दाखवला. हलला, पण दुखायचं फार.

इथं फॅरडे पुन्हा कामाला आला. चुंबकपणा चामडीतून, हाडातून न अडता जातो. मग वीज बाहेरून ढकलण्यापेक्षा बाहेर चुंबकपणा झटकन बदलला तर? आत नसेजवळ आपोआप वीज तयार होईल. कल्पना जुनी होती. १८९६ साली फ्रान्सच्या आर्सोनव्हाल यांनी मोठ्या वेटोळ्यात डोकं घातलं तर डोळ्यांपुढे उजेड लकाकल्यासारखा झाला. पण हात हलेल एवढा जोरदार आणि एवढ्या लवकर बदलणारा चुंबकपणा बनवायला यंत्रं नव्हती. ते जमलं १९८५ साली, इंग्लंडच्या शेफील्ड गावात अँथनी बार्कर आणि त्यांच्या साथीदारांना. त्यांनी वेटोळं डोक्यावर धरलं, टक् असा आवाज झाला आणि समोरच्या माणसाचा हात उडाला. दुखलं नाही.

यंत्र आत काय करतं ते ऐका. तारेच्या वेटोळ्यातून क्षणभर हजारो अँपिअर वीज सोडतात. आपल्या घरातलं लहान प्लग पाच अँपिअरचं असतं, त्यावरून अंदाज घ्या. हा झटका सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळ टिकतो. तेवढ्यात वेटोळ्याजवळ पृथ्वीच्या चुंबकपणाच्या हजारो पट चुंबकपणा उठतो आणि विरतो. या उठण्या-विरण्यानं दोन-तीन सेंटिमीटर आत नसेत वीज तयार होते. नस समजते की मेंदूचाच निरोप आला, आणि स्नायू आखडतो. ट्रामनं कुलाब्याची सुई हलायची. इथं वेटोळ्यानं नस हलते. खोलवर मात्र जोर पटकन कमी होतो, म्हणून 'पोटातल्या सगळ्या अवयवांना चुंबकाचा फायदा' वगैरे कुणी सांगितलं तर कानाडोळा करा. आणि नस मेलेली असेल तर हेही यंत्र फारसं काही करू शकत नाही, कारण हे नसेशी बोलतं.

डोक्यावरच्या यंत्राचा उपयोग आधी तपासणीसाठी झाला, मेंदूपासून हातापर्यंतची वाट शाबूत आहे का ते बघायला. मग मनाच्या उदासीच्या आजारासाठी, म्हणजे गोळ्या घेऊनही उतार पडत नाही अशा नैराश्यासाठी. अमेरिकेच्या औषध खात्यानं २००८ साली त्याला परवानगी दिली. आपल्याकडेही मोठ्या शहरांत ते मिळतं. आठवड्यातून पाच दिवस, चार ते सहा आठवडे जावं लागतं. शेतावरचं काम आणि एस.टी.चं भाडं धरून ही गोष्ट आपल्याला सोपी नाही, हेही डॉक्टरांना सांगायला लाजू नका. गोळ्या आणि बोलून करायचे उपचार हाच बहुतेकींसाठी पहिला रस्ता आहे. अर्धांगानंतरही हे यंत्र वापरून बघतात, पण तिथं फायदा सगळ्यांना सारखा होत नाही. फिट येणाऱ्यांनी, डोक्यात धातूची क्लिप किंवा कानात बसवलेलं यंत्र असणाऱ्यांनी, हृदयाचा पेसमेकर असणाऱ्यांनी आणि गरोदर बाईनं हे आधीच सांगायचं. विचारलं नाही तरी सांगायचं.

आता नणंदेची खुर्ची. १९९० च्या दशकाच्या शेवटाला अमेरिकेत कुणीतरी हेच वेटोळं खुर्चीच्या बैठकीखाली बसवलं. बाई कपडे घालून नुसती बसते, खालून टकटक होते, आणि लघवीची, बाळंतपणाची व शौचाची वाट खालून तोलून धरणारे स्नायू आपोआप आखडतात. कपडे काढायचे नाहीत, आत काही घालायचं नाही, हा बायकांसाठी मोठा दिलासा. म्हणजे नणंदेचा चुंबक खोटा नाही. तो प्लगला लावलेला, क्षणाक्षणाला बदलणारा चुंबक आहे. गादीतला चुंबक तसाच पडून असतो, त्यानं नसेत वीज तयार होत नाही. तुम्ही कूस बदलता तेवढी हालचाल कशालाच पुरत नाही. कोरड्या वेटोळ्यात ठेवलेला फॅरडेचा चुंबक तो.

पण खुर्ची खरी आहे म्हणजे ती घेतलीच पाहिजे, असं नाही. अभ्यासांत काही बायकांना फायदा दिसला, काही अभ्यासांत नुसत्या खोट्या खुर्चीवर बसलेल्यांपेक्षा फार फरक दिसला नाही. मन लावून केलेल्या व्यायामापेक्षा ती सरस आहे असं ठरलेलं नाही. आणि या व्यायामाला पैसे पडत नाहीत. आर्नोल्ड केगेल नावाच्या अमेरिकी डॉक्टरानं १९४८ साली तो लिहून प्रसिद्ध केला, म्हणून त्याला केगेल म्हणतात. ज्या बाईला कोणता स्नायू आखडायचा हेच जाणवत नाही, तिला खुर्चीनं सुरुवातीला ओळख पटू शकते, एवढं मी मानते. नणंदेनं दोनच गोष्टी विचाराव्यात : किती बैठका आणि एकूण किती पैसे, आणि बैठका संपल्यावर व्यायाम कोण शिकवणार? दुसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल तर दुसरी जागा शोधावी. महापालिकेच्या रुग्णालयातली फिजिओथेरपी तिच्या घरापासून चालत जाण्याइतकी जवळ आहे.

गादीसाठी कर्ज काढू नका, हे ताईंना मी तेव्हाच सांगितलं. सोबत हेही माहीत असू द्या की जादूच्या उपायांच्या जाहिरातींविरुद्ध १९५४ चा केंद्राचा कायदा आहे. मधुमेह, अर्धांगवायू, कॅन्सर अशा आजारांची यादीच त्यात आहे. ताईत, मंत्र, कवच यांनी ते बरे होतात अशी जाहिरात करणं गुन्हा आहे. विकणाऱ्याकडून दावा कागदावर लिहून, सही करून मागा. बहुतेक वेळा पिशवी तिथंच आवरली जाते. आणि गादी घेतली म्हणून साखरेच्या गोळ्या बंद केलेली कुणी तुमच्या गटात असेल, तर आजच तिच्या घरी जा.

व्यायाम सांगते, वही असेल तर लिहून घ्या. आडवं पडा किंवा बसा. वारा सुटू नये म्हणून आणि लघवी अडवण्यासाठी आपण आतून जे खेचून धरतो, तेच करायचं. पोट, मांड्या, कुल्ले ढिले ठेवायचे, श्वास अडवायचा नाही. मनात पाचपर्यंत मोजेपर्यंत धरायचं, तेवढाच वेळ पूर्ण ढिलं सोडायचं. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. चूल पेटली की एकदा, दुपारी एकदा, अंथरुणावर एकदा, अशी वेळ ठरवली तर विसरत नाही. प्रत्यक्ष लघवी करताना हा व्यायाम करायची सवय लावू नका, एखाद वेळी ओळख पटवायला चालेल. हंडा उचलायच्या आधी आणि शिंक येताना आत खेचून धरा. तीन महिने करा. अंग बाहेर येत असेल, लघवीतून रक्त जात असेल किंवा जळजळ असेल, तर वाट न बघता आशाताईंना सोबत घेऊन दवाखान्यात जा, आणि जाताना दिवसातून किती वेळा लघवीला जावं लागतं आणि किती वेळा सुटते, हे तीन दिवस लिहून न्या.